तंजावरचे शहाजीराजे : देवळातली पदं आणि रंगमंचावरचं मराठी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने गेल्या महिन्यात मला जिन्यातच गाठलं. म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले. पंचवीस वर्षांच्या जमाखर्चावर एक लेख द्या." मी म्हटलं, जमाखर्च दर वर्षी वार्षिक सभेत वाचून झालेला आहे आणि दर वर्षी त्यावर भांडूनही झालेलं आहे. आता पुन्हा कशाला? त्यापेक्षा नोकरीच्या निमित्ताने दक्षिणेत गेलो असताना एका राजाची ओळख झाली, त्याच्यावर लिहितो. राजा मराठी, पण आपल्याला फारसा ठाऊक नाही. शेवटी हा विषय आपल्या सोसायटीपर्यंत येऊन पोचतो, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा.

बढतीबरोबर बदली येते, हा बँकेचा नियम. माझी बदली कुंभकोणमला झाली. तमिळचा गंध नाही, जेवणाचे हाल. घर शोधत फिरताना एका वयस्कर गृहस्थांनी दार उघडलं आणि माझं आडनाव ऐकून एकदम मराठीत म्हणाले, "या, बसा." त्यांना तिथे सगळे 'रायर' म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेलं कुटुंब. त्यांचं मराठी तमिळ हेल काढून चालायचं आणि मधेच असा एखादा जुना शब्द यायचा, की मला पोथी ऐकल्यासारखं वाटायचं. पहिल्या दिवशी मला हसू आलं. ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही बोलता ते कुठलं मराठी? त्यात इंग्रजी फार आहे." पुढे मी हसलो नाही.

तंजावरचा राजा मला या रायरांनी भेटवला.

थोडा इतिहास सांगतो. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरला मराठ्यांचं राज्य उभं केलं. ते १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १८० वर्षं टिकलं. एकोजींचे थोरले चिरंजीव शहाजी. आजोबांचं नाव नातवाला, आपली नेहमीची रीत. त्यामुळे शहाजीराजे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महाराजांचे वडील येतात. हे शहाजी महाराजांचे पुतणे. १६८४ मध्ये अगदी कोवळ्या वयात गादीवर बसले आणि १७१२ पर्यंत राज्य केलं. इकडे महाराष्ट्रात तेव्हा काय चाललं होतं ते आठवा. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, राजाराम महाराज जिंजीला गेले, औरंगजेब दख्खनमध्ये ठाण मांडून बसला होता. घोड्यावरून उतरायला कुणाला फुरसत नव्हती. त्याच काळात कावेरीच्या काठी एक भोसले राजा पदं रचत होता, रागांची लक्षणं लिहून ठेवत होता आणि नाटकं लिहीत होता.

हा राजा दोन जागांसाठी लिहायचा, देवळासाठी आणि रंगमंचासाठी.

आधी देऊळ. तंजावरच्या पूर्वेला तिरुवारूर आहे. तिथल्या शंकराचं नाव त्यागराज किंवा त्यागेश. शहाजीराजांची या देवावर फार भक्ती. त्यांनी त्याच्यावर पुष्कळ पदं रचली आणि पदांत आपली मुद्रा म्हणून 'त्यागेश' हेच नाव घातलं. आपल्याकडे 'तुका म्हणे' असतं, तसंच. 'पल्लकी सेवा प्रबंधम्‌' हे त्यांचं गेय नाटक देवाच्या पालखीच्या सेवेवर आहे. भाषा तेलुगू. मराठी राजाने तेलुगूत का लिहावं, असं मी रायरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "इथे गाण्याची भाषा तेलुगू. गाण्याला गाण्याची भाषा नको का?" आधीच्या नायक राजांच्या दरबारात तेलुगूला मान होता. मराठे आले, पण त्यांनी तो मोडला नाही. वाढवला. बँकेच्या भाषेत सांगायचं तर शाखा ताब्यात घेतली, पण जुनी खाती बंद केली नाहीत.

या राजाने विद्वानांनाही धरून ठेवलं. कुंभकोणमजवळचं तिरुविशनल्लूर हे गाव त्यांनी १६९३ मध्ये ४६ विद्वानांना दान दिलं आणि त्याचं नाव शहाजीराजपुरम्‌ पडलं. दरबारात गिरिराज कवी होते. कर्नाटक संगीतातले थोर संत त्यागराज हे त्यांच्याच घराण्यातले. त्यागराज, श्यामा शास्त्री आणि मुत्तुस्वामी दीक्षित ही त्रिमूर्ती १७६२ ते १७७५ या काळात तिरुवारूरलाच जन्मली. त्यांच्या प्रतिभेचं श्रेय मराठ्यांना देणं म्हणजे फुशारकी होईल. पण ज्या मातीत हे झाड वाढलं, तिला शंभरेक वर्षं पाणी घालणाऱ्यांत भोसले होते, एवढं नक्की.

आता रंगमंच. १६९० च्या सुमारास शहाजीराजांनी 'लक्ष्मीनारायण कल्याण' नावाचं मराठी नाटक लिहिलं. आपल्याला कल्याण म्हटलं की जंक्शन आठवतं. तिकडे कल्याण म्हणजे लग्न. तेव्हा लक्ष्मी आणि नारायण यांच्या लग्नाचं हे नाटक. अनेक अभ्यासक ते मराठीतलं पहिलं उपलब्ध नाटक मानतात. त्याचा घाट दक्षिणेतल्या यक्षगानाचा, म्हणजे सूत्रधार, आरंभी देवाचं स्तवन, पात्र आलं की त्याच्या प्रवेशाचं गाणं आणि गाण्यागाण्यांतून पुढे सरकणारी गोष्ट.

आपण शाळेत काय शिकलो? मराठी रंगभूमी सुरू झाली ५ नोव्हेंबर १८४३ ला, सांगलीत, विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवर'ने. तो दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो आणि ते योग्यच आहे, कारण आजच्या मराठी नाटकाचा अखंड धागा तिथूनच सुरू होतो. पण या दोन तारखांमध्ये सुमारे दीडशे वर्षांचं अंतर आहे. गंमत पुढे आहे. भाव्यांना स्फूर्ती कशावरून मिळाली? कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीला झाले, ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी मराठीत तसं काही करायला सांगितलं. म्हणजे भाव्यांच्या हाती आलेलं आणि शहाजीराजांच्या हाती आलेलं बीज एकाच जातीचं, दक्षिणेतल्या देवळांच्या अंगणात वाढलेलं. मराठी नाटक दोनदा जन्माला आलं आणि दोन्ही वेळा सुईण शेजारची भाषा होती.

मला सगळ्यांत आवडलेलं म्हणजे त्यांचं 'पंचभाषाविलास'. एकाच नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी. पात्रं आपापल्या भाषेत बोलतात आणि कुणाचं कुणावाचून अडत नाही. हे वाचल्यावर मला विठ्ठलवाडी स्टेशनच आठवलं. आपल्या सोसायटीत एका मजल्यावर सिंधी, मराठी, मल्याळी आणि उत्तर भारतीय अशी चार दारं आहेत. पाण्याची टाकी रिकामी झाली की चारही भाषांत एकदम आरडाओरड होते आणि पंपवाल्याला सगळ्या समजतात.

देऊळ आणि नाटक एकाच माणसाने सांभाळणं हे फक्त आपल्याकडचं नाही. त्याच अठराव्या शतकात स्पेनमध्ये होसे दे नेब्रा (१७०२ ते १७६८) नावाचा संगीतकार होऊन गेला. राजाच्या प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवायचा आणि माद्रिदच्या नाटकगृहांसाठी चालीही बांधायचा. १७३४ मध्ये माद्रिदच्या राजवाड्याला आग लागली आणि तिथला प्रार्थनासंगीताचा संग्रह जळाला. मग ज्यांनी नवं संगीत रचून ती जागा भरून काढली, त्यांत हा नेब्रा होता. तंजावरचं नशीब त्या मानाने बरं. तिथले कागद जळले नाहीत.

शहाजीराजांना मूल नव्हतं. त्यांच्यामागून भाऊ गादीवर आले, पण ओढ तीच राहिली. धाकट्या तुळजाराजांनी 'संगीतसारामृत' हा संगीतशास्त्राचा ग्रंथ लिहिला. पुढे प्रतापसिंहांच्या काळातही मराठी नाटकं लिहिली गेली. दुसऱ्या सरफोजींनी (१७९८ ते १८३२) सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणलं. त्यांच्या 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकात गाण्यांतून चक्क जगाचा भूगोल सांगितला आहे. १८०३ मध्ये त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर कोरून घेतला. रायरांनी मला तिथे नेलं होतं. हजार वर्षांच्या चोळांच्या देवळात आपली अक्षरं पाहून अंगावर काटा आला. मी बोटाने एक ओळ लावायचा प्रयत्न केला, अडखळलो. रायरांनी ती सरळ वाचून दाखवली.

मग ही नाटकं आपल्यापर्यंत का आली नाहीत? कारण साधं आहे. नाटक दरबारच्या पैशावर उभं होतं. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुत्राविना वारले, कंपनीने राज्य संपवलं, राजाश्रय गेला. नाटकं हस्तलिखितांच्या रूपात कपाटात राहिली. त्याच सुमारास भाव्यांची मंडळी महाराष्ट्रात गावोगाव तिकीट लावून खेळ करत होती. त्यांना प्रेक्षक मिळाला, म्हणून ते टिकले. राजा एक असतो, प्रेक्षक अनेक असतात. ठेवीदार एकच असलेली शाखा कधीतरी बंद पडतेच.

पण सगळं बुडालं असंही नाही. कीर्तनकारांनी नेलेल्या साकी, दिंडी, ओवी आणि अभंग तमिळ हरिकथेत मुरले. आजही तिथल्या भजनमंडळ्यांत तुकोबांचे अभंग म्हणतात. त्याच साकी-दिंडी इकडे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'मध्ये रंगमंचावर चढल्या. तंजावरजवळच्या मेलट्टूरला नरसिंह जयंतीच्या सुमारास देवळासमोर भागवत मेळ्याची तेलुगू नाटकं अजून होतात. ज्यांना गावाने धरलं, ती वाचली.

आता आपल्या सोसायटीकडे येतो.

नव्या सभासदांना ठाऊक नसेल, पण सुरुवातीच्या पाच वर्षांत आपल्या गणेशोत्सवात दर वर्षी मुलांचं नाटक व्हायचं. लिहायचे आपलेच लोक. २००३ चं नाटक मी लिहिलं होतं. त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या सिंधी आजोबांनी एका व्यापाऱ्याची सिंधी वाक्यं लिहून दिली होती आणि तळमजल्यावरच्या मल्याळी वहिनींनी एक गाणं बसवलं होतं. पंचभाषाविलास नाही, पण तीन भाषा होत्याच. आजोबा तालमीला रोज यायचे. एकदा मला म्हणाले, "साहेब, आमची भाषा आता घरातच राहिली, तीही माझ्यापुरती. नातवाला चार वाक्यं पाठ झाली, माझं काम झालं."

ही पाचही नाटकं सोसायटीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात होती. मग २६ जुलै २००५ आला. वालधुनीचं पाणी कंपाउंडमध्ये शिरलं तेव्हा खजिनदार मी होतो. कमरेएवढ्या पाण्यात ऑफिस उघडलं. हाताला जेवढं लागेल तेवढं वर न्यायचं होतं. मी कॅशबुक, लेजर, शेअर सर्टिफिकेटांचं रजिस्टर आणि व्हाउचरच्या फायली उचलल्या. खालच्या खणातल्या नाटकाच्या वह्या मला दिसत होत्या. मी त्या सोडल्या. पाणी ओसरल्यावर त्यांचा लगदा झाला होता, तो कचऱ्याच्या गाडीत गेला. त्या वर्षी ऑडिटरने हिशेबाच्या वह्या वाचवल्याबद्दल शाबासकी दिली. सभेत टाळ्याही झाल्या.

ते हिशेब आज कुणाला हवे आहेत? सिंधी आजोबाही आता नाहीत. परवा त्यांचा नातू परदेशातून आला होता, जिन्यात भेटला. म्हणाला, "अंकल, दादांनी माझ्यासाठी लिहिलेले ते डायलॉग आहेत का कुठे?" मला उत्तर देता आलं नाही.

तंजावरच्या राजांनी तोफा, हत्ती, खजिना काय काय बाळगलं असेल. आज त्यातलं सांगण्यासारखं उरलं ते कुणीतरी कपाटात जपलेलं कागद आणि कुणीतरी तोंडाने म्हणत राहिलेली गाणी. म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने एक विनंती करतो. ज्यांच्या घरी त्या नाटकांची एखादी झेरॉक्स, फोटो, कॅसेट असेल त्यांनी कमिटीकडे द्यावी. त्या वेळच्या मुलांना, म्हणजे आजच्या तिशीतल्या मंडळींना, आपापली वाक्यं आठवत असतील तर लिहून काढावीत, ज्या भाषेत होती त्याच भाषेत. मी माझ्या भागाला सुरुवात केली आहे. पहिल्या प्रवेशाची अकरा वाक्यं आठवली आहेत. सिंधी व्यापाऱ्याची जागा मात्र वहीत कोरी ठेवली आहे. ती कुणाला भरता आली, तर माझ्या दारावरची बेल कधीही वाजवावी.