अडुळसा आणि निर्गुडी : कुंपणावरची दोन झुडपे, दोन स्वभाव

सास्तूर (ता. लोहारा, जि. धाराशिव) : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने तेरणा खोऱ्यातील अनेक गावे उद्ध्वस्त केली. मोठी हानी सोसलेल्या गावांत सास्तूरचाही समावेश होता. त्यानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. एकमेकांना खेटून उभी असलेली जाड दगडी भिंतींची माळवदे गेली आणि त्यांच्या जागी सरळ रस्ते, स्वतंत्र भूखंड व घराभोवती मोकळी जागा आली. जागा आली तसा कुंपणाचा प्रश्नही आला. पाणी बेताचे, जमीन काळी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी, मोकाट शेळ्यांचा उपद्रव वेगळाच. अशा परिस्थितीत तग धरणारी आणि घरच्या औषधालाही उपयोगी पडणारी झुडपे म्हणून महाराष्ट्रात दोन नावे पिढ्यान्‌पिढ्या घेतली जातात : अडुळसा आणि निर्गुडी.

शहरातील गृहनिर्माण सोसायट्यांच्या आवारात आणि गच्चीवरील कुंड्यांतही ही झुडपे आता दिसू लागली आहेत. दोन्ही फांदीपासून सहज रुजतात आणि दोन्हींना जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे एकाऐवजी दुसरे चालेल, असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांची निगा वेगळी, उपयोग वेगळे आणि धोकेही वेगळे आहेत.

ओळख

कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये या दोन्ही वनस्पतींची शास्त्रीय नोंद केली. अडुळशाचे शास्त्रीय नाव 'जस्टिशिया अधाटोडा'. तो कोरांटीच्या कुळातला. पाने समोरासमोर, लांबट, टोकदार आणि वीतभर लांब असतात. फुले पांढरी, त्यांवर जांभळट-तांबूस रेषा आणि आकार उघड्या जबड्यासारखा. संस्कृतातील 'सिंहास्य' हे नाव त्यावरूनच पडले. 'वासा' व 'वासक' ही त्याची आणखी नावे.

निर्गुडी म्हणजे 'व्हायटेक्स निगुंडो'. पूर्वी तिची गणना सागाच्या कुळात होत असे. अलीकडच्या वर्गीकरणात ती, आणि सागही, तुळशीच्या कुळात गेली आहे. तिच्या एका देठावर तीन किंवा पाच पर्णिका पंजासारख्या पसरलेल्या असतात. त्या वरून हिरव्या आणि खालून पांढुरक्या दिसतात. पान चुरगाळल्यास उग्र वास येतो. फुले बारीक, निळसर-जांभळी, तुऱ्यांनी येणारी.

खरेदी करताना नावावर विसंबू नये. 'काळा अडुळसा' ही अरुंद पानांची वेगळी वनस्पती आहे. बाजारातील वाळलेल्या पाल्यात महारुखाच्या पानांची भेसळही आढळते. महारुख हा मोठा वृक्ष असून त्याचे पान अनेक पर्णिकांचे असते. तेव्हा रोप घेताना पान व फूल पाहून खात्री करावी.

लागवड आणि निगा

दोन्ही झुडपांच्या लागवडीस पावसाळ्याचा आरंभ उत्तम. अडुळशासाठी पक्व फांदीचे, तीन-चार पेरे असलेले वीतभर लांबीचे छाट घ्यावेत. खालचे दोन पेरे मातीत जातील असे ते लावावेत. माती ओलसर ठेवावी, पण चिखल करू नये. काळ्या जमिनीत पाणी साचले की अडुळशाची मुळे कुजतात. म्हणून खड्ड्यात वाळू, बारीक मुरूम व शेणखत मिसळावे. कुंपणासाठी दोन रोपांत सुमारे दोन फूट अंतर पुरते.

अडुळशाला थोडी सावली मानवते. कडुलिंबाखाली किंवा घराच्या पूर्वेला तो टवटवीत राहतो. भर उन्हाळ्यात दुपारी त्याची पाने माना टाकतात, परंतु आठवड्याला एकदा भरपूर पाणी मिळाल्यास तो तगतो. हिवाळ्यापासून वसंतापर्यंत येणारा बहर ओसरला की झुडूप कंबरेएवढे छाटावे. नवी फूट दाट येते. कुंडीत लावायचा असल्यास किमान बारा इंची कुंडी घ्यावी. अर्धा दिवस ऊन येणाऱ्या सज्जातही तो चांगला वाढतो.

निर्गुडीचा स्वभाव याच्या उलट आहे. तिला सावली सोसत नाही. ऊन जितके अधिक तितकी ती जोमदार. ओढ्याकाठी, नदीकाठी, बांधावर ती आपोआप वाढते आणि मुळांनी माती धरून ठेवते. फांदीचे छाट, बी किंवा मुळापासून फुटलेले धुमारे, यांपैकी कशापासूनही तिची लागवड होते. पहिला उन्हाळा पाणी देऊन निभावला की पुढे तिला वेगळे पाणी क्वचितच लागते. २०१६ च्या दुष्काळात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात हा गुण मोलाचा ठरतो.

तिची अडचण एकच, आणि ती म्हणजे पसारा. मोकळी सोडल्यास ती दहा-बारा फुटांच्या पुढे जाऊन लहान वृक्षाचे रूप घेते. दोन रोपांत चार-पाच फूट अंतर ठेवून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कठोर छाटणी करावी. घराच्या पायाजवळ किंवा जलवाहिनीलगत ती लावू नये. लहान कुंडीत ती खुंटते. गच्चीवर लावायचीच असेल, तर मोठे पिंप घ्यावे. तिच्या फुलांवर मधमाश्या येतात, हा बागेला मिळणारा लाभ.

पोटात आणि बाहेरून

उपयोगाच्या दृष्टीने ढोबळ भेद असा : अडुळसा मुख्यतः पोटात घेण्याचे औषध, तर निर्गुडी मुख्यतः बाहेरून वापरण्याचे.

अडुळशाच्या पानांत 'व्हॅसिसीन' हे अल्कलॉइड असते. कफ पातळ करणारे 'ब्रोमहेक्झिन' हे आधुनिक औषध त्याच्याच रचनेवरून तयार झाले. आजच्या अनेक खोकल्याच्या औषधांत असणारे 'अ‍ॅम्ब्रोक्सॉल' हे त्याचेच पुढचे रूप. आयुर्वेदात वासावलेह, वासारिष्ट, वासाघृत असे कल्प प्रचलित आहेत. ताज्या पानांचा रस सहज निघत नाही, म्हणून पाने वाफवून किंवा तव्यावर गरम करून ती पिळतात आणि रस मधातून देतात. मात्रा अधिक झाल्यास मळमळ व उलटी होऊ शकते.

निर्गुडीचा पाला सांधेदुखी, मुरगळ आणि सूज यांवर गरम करून बांधतात. पाला उकळलेल्या पाण्याने शेक देतात. सर्दीत त्याचा वाफारा घेतात, तर बाळंतिणीच्या स्नानाच्या पाण्यातही तो घालण्याची प्रथा आहे. पानांचा रस तिळाच्या तेलात मंद आचेवर पाण्याचा अंश आटेपर्यंत उकळला की निर्गुडीचे तेल तयार होते. वाळलेला पाला धान्यात ठेवल्यास कीड दूर राहते, असा शेतकरी कुटुंबांचा अनुभव आहे. सूज कमी करण्याचा तिचा गुण प्रयोगशाळेतील प्राण्यांवरील चाचण्यांत दिसून आला आहे. माणसांवरील पुरावा मात्र तुलनेने तोकडा आहे.

येथे सावध राहावे

पहिली सूचना गर्भवतींसाठी. व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन घडवते. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत झालेल्या अभ्यासात हा परिणाम स्पष्ट झाला आणि १९८० मध्ये त्याची सविस्तर मांडणी प्रसिद्ध झाली. म्हणून गर्भावस्थेत अडुळशाचा रस, काढा किंवा तयार औषध वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये. निर्गुडीही या काळात पोटात घेणे टाळावे.

दुसरी सूचना लहान मुलांबाबत. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या औषधामुळे मुलांचे मृत्यू झाले. त्यानंतर केंद्रीय आरोग्य यंत्रणेने दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सामान्यतः देऊ नयेत, असे कळवले. अशा वेळी अनेक पालकांचे लक्ष परसातील अडुळशाकडे वळणे स्वाभाविक आहे. परंतु घरगुती रसाची तीव्रता दर वेळी बदलते, त्यामुळे बालकांना तो अंदाजाने देणे हितावह नाही. एक वर्षाखालील बाळाला मध तर मुळीच देऊ नये.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची. प्राचीन वैद्यकाने क्षयावर आणि थुंकीतून रक्त पडण्यावर वासा श्रेष्ठ मानली. त्या काळी दुसरा उपाय नव्हता. आज क्षयरोग पूर्ण बरा करणारी औषधे आहेत आणि सरकारी रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत मिळतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन किंवा थुंकीतील रक्त, यांपैकी काहीही आढळल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी. अडुळशाने खोकल्याला तात्पुरता उतार पडला, तरी रोग आत वाढत राहतो आणि घरातील इतरांनाही त्याची लागण होऊ शकते.

निवड कशी करावी

जागा लहान, अर्धी सावली आणि आठवड्याला पाणी देण्याची सोय असेल, तर अडुळसा लावावा. मोकळी जागा, कडक ऊन आणि पाण्याची वानवा असेल, तर निर्गुडी योग्य. दोन्हींना जागा असल्यास रस्त्याकडील उन्हाच्या बाजूला निर्गुडी आणि घराच्या सावलीत अडुळसा, ही मांडणी सोयीची. पाने सकाळी, दव सुकल्यावर खुडावीत. रस्त्याच्या धुळीतली किंवा फवारणी झालेल्या शेताच्या कडेची पाने औषधासाठी घेऊ नयेत. पाला सावलीत वाळवून, नाव व तारीख लिहून हवाबंद डब्यात ठेवावा. वाळल्यावर दोन्ही पाले ओळखणे कठीण जाते आणि पोटात घ्यायचा कोणता व बाहेरून लावायचा कोणता, यात गफलत होऊ देऊन चालणार नाही.