दोन चिपांची घराणी

सन १९७५ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी इलेक्ट्रॉनिक मालाचे एक मोठे प्रदर्शन भरले होते. वेस्कॉन हे त्याचे नाव. प्रदर्शनाच्या मांडवात रोख विक्रीला मनाई होती, म्हणून चक पेडल नावाच्या इंजिनीयराने जवळच्या हॉटेलात खोली घेतली आणि तेथे आपला माल मांडला. माल म्हणजे काय, तर नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा, त्याभोवती चाळीस पायांचे कवच, आणि किंमत पंचवीस डॉलर! टेबलावर काचेची बरणी होती आणि ती चिपांनी भरलेली होती. गिऱ्हाइकाला वाटावे, केवढा हा साठा! बरणीच्या तळाशी असलेल्या चिपा मुळी चालणाऱ्याच नव्हत्या, असे पुढे खुद्द पेडलनेच सांगितले. आपल्याकडच्या कोणत्याही पेठेतल्या दुकानदाराला ही युक्ती शिकवावी लागणार नाही.

त्या बरणीतली चिप म्हणजे ६५०२ हा प्रोसेसर. पुढल्याच वर्षी, १९७६ साली, तिची मोठी प्रतिस्पर्धी बाजारात आली. तिचे नाव झेड-८०. घराघरांत आणि शाळाशाळांत जे पहिले संगणक पोहोचले, त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात या दोहोंपैकी एक होती. "दोघींत सरस कोण?" हा वाद तेव्हा सुरू झाला, तो जुन्या जाणकारांत अजून मिटलेला नाही. मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मराठी शिकवणारा आणि कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. यंत्रविद्येतला अधिकारी पुरुष मी नव्हे. पण घराणी, भाऊबंदकी, घर सोडून गेलेली कर्ती माणसे आणि खिशातल्या पैशाचा हिशेब, हा तर माझ्या धंद्याचाच विषय. म्हणून ही कथा सांगायला बसलो आहे.

मौज अशी की, दोन्ही चिपांचा जन्म थोरले घर सोडून निघालेल्या माणसांच्या हातून झाला. पेडल हा मोटोरोला कंपनीत होता. तिथे ६८०० नावाचा प्रोसेसर तयार झाला होता आणि तो गिऱ्हाइकांना समजावून देण्याचे काम पेडलकडे होते. गिऱ्हाइके सगळे ऐकून घेत, मान डोलावीत आणि शेवटी म्हणत, "चीज उत्तम आहे, पण परवडत नाही." पेडलच्या मनात आले, की मग परवडेल अशीच का करू नये? कंपनीला हा विचार रुचला नाही. १९७४ साली पेडल काही सहकाऱ्यांना घेऊन बाहेर पडला आणि पेनसिल्व्हेनियातील मॉस टेक्नॉलॉजी या लहान कंपनीत गेला. बिल मेन्श हा कुशल तरुण त्याच मंडळींपैकी.

दुसरीकडे इंटेल. १९७१ साली जगातला पहिला विकाऊ मायक्रोप्रोसेसर, ४००४, याच घरात जन्मला आणि तो घडवण्यात फेडेरिको फॅजिन या इटालियन माणसाचा मोठा वाटा होता. पुढे १९७४ साली इंटेलची ८०८० ही चिप आली. तिची सुट्या नगाची किंमत ३६० डॉलर होती. त्याच वर्षाच्या अखेरीस फॅजिन आणि राल्फ उंगरमन यांनी इंटेल सोडून झिलॉग ही कंपनी काढली. भांडवल एक्सॉन या तेलकंपनीचे. ८०८० वर काम केलेला मासातोशी शिमा हा जपानी कारागीरही त्यांना येऊन मिळाला.

आता ३६० कुठे आणि पंचवीस कुठे! हे घडले कसे, ते या दिवसांत फराळाच्या परातीजवळ बसून चांगले समजते. सिलिकॉनच्या गोल चकतीवर एकाच वेळी पुष्कळ चिपा छापतात आणि मग चकती कापून त्या सुट्या करतात. हुबेहूब शंकरपाळ्यांसारखे! पोळी तेवढीच, शंकरपाळे मोठे कापले तर थोडे निघतात, लहान कापले तर पुष्कळ. पण एवढ्यावरच भागत नाही. समजा, त्या पोळीवर दहा ठिकाणी कचरा पडला. ज्या शंकरपाळ्यावर कण पडला तो टाकून द्यायचा. पोळीचे वीसच तुकडे असतील तर निम्मा माल गेला. दोनशे असतील तर दहाच गेले. म्हणून चिप जितकी लहान, तितकी ती दुहेरी स्वस्त. पेडल-मेन्श मंडळींनी ६८०० मधले जे जे म्हणून नसले तरी चालेल, ते ते कापून काढले. उरले अवघे साडेतीन हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर. शिवाय ज्या मुखवट्यांतून चकतीवर नक्षी छापतात, त्यांतले दोष दुरुस्त करण्याची रीत मॉसच्या लोकांना साधली होती, त्यामुळे चांगल्या चिपांचे प्रमाण वाढले. काटकसर ही संसारात जशी दिसते, तशीच इथे दिसते.

परिणाम ताबडतोब झाला. मोटोरोलाने आपल्या ६८०० ची किंमत १७५ डॉलरवरून ६९ वर आणली. त्याचबरोबर तिने मॉस कंपनीला कोर्टातही खेचले. कारण ६५०२ ची जुळी बहीण ६५०१ ही थेट मोटोरोलाच्या चिपेच्या खाचेत बसत असे. १९७६ साली तडजोड झाली. मॉसने दोन लाख डॉलर भरले आणि ६५०१ मागे घेतली. ६५०२ तेवढी वाचली. लवकरच मॉस कंपनी कमोडोरने विकत घेतली. परंतु तोवर बीज पेरले गेले होते. वेस्कॉनला आलेल्या गिऱ्हाइकांत स्टीव्ह वॉझ्नियाक नावाचा एक तरुण होता. त्याने कागदावर ६८०० साठी यंत्राचा आराखडा केला होता, पण ती परवडत नव्हती. त्याने ६५०२ घेतली आणि तिच्यातून १९७६ चा अ‍ॅपल-१ आणि १९७७ चा अ‍ॅपल-२ निघाला. पंचवीस डॉलरचा भाव नसता, तर तो आराखडा कागदावरच किती दिवस राहिला असता कोण जाणे.

झिलॉगच्या मंडळींनी वेगळी वाट धरली. त्यांनी काही टाकले नाही, उलट भर घातली. झेड-८० मध्ये साडेआठ हजारांच्या घरात ट्रान्झिस्टर होते. ८०८० साठी लिहिलेले काम तिच्यावर जसेच्या तसे चाले, हे तिचे सर्वांत मोठे भांडवल. ८०८० ला तीन निरनिराळ्या दाबांची वीज लागे, हिला पाच व्होल्टची एकच पुरे. त्या काळची स्वस्त स्मृती दर क्षणी उजळावी लागे, नाहीतर ती विसरून जाई. ते उजळणीचे कामही झेड-८० आपणच करी. सी-पी-एम नावाची कार्यप्रणाली आणि तिच्यावर चालणारे वर्डस्टारसारखे लेखनाचे साधन हिला आयते मिळाले. म्हणजे एक घराणे मोजक्या स्वरांत गाणारे, तर दुसरे अलंकारांनी नटलेले!

आता मुख्य प्रश्न. दिवाळीच्या सुमारास मुलासाठी संगणक घ्यायला निघालेले पालक मला आजही विचारतात, "मास्तर, ज्याचा आकडा मोठा तो वेगवान ना?" या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीच्या या दोन चिपांत जितके स्वच्छ दिसते, तितके आजच्या यंत्रांत दिसत नाही.

प्रत्येक प्रोसेसर एका ठोक्यावर चालतो. अ‍ॅपल-२ मधली ६५०२ सेकंदाला सुमारे दहा लाख ठोक्यांवर चाले. १९८२ साली इंग्लंडात आलेल्या झेड-एक्स स्पेक्ट्रम या यंत्रातली झेड-८० पस्तीस लाख ठोक्यांवर चाले. आकडा साडेतीन पट. मग काम साडेतीन पट का? नाही. गाणे ऐकणाऱ्याला हे चटकन पटेल. द्रुत लयीतला सोळा मात्रांचा तीनताल आणि संथ लयीतला सहा मात्रांचा दादरा, दोघे समेवर एकाच वेळी येऊ शकतात. लय पाहून चालत नाही, आवर्तनात मात्रा किती तेही पाहावे लागते. आधीच्या बेरजेत एक लहानसा आकडा मिळवण्याची आज्ञा ६५०२ दोन ठोक्यांत पुरी करते, झेड-८० ला सात ठोके लागतात. हिशेब करा: दहा लाखांच्या लयीत दोन ठोके म्हणजे सेकंदाचे दोन दशलक्षांश, पस्तीस लाखांच्या लयीत सात ठोके म्हणजेही बरोबर तेवढेच! दोघी एकाच क्षणी समेवर.

पण एवढ्यावर निकाल देऊन मोकळे होऊ नये. ६५०२ एका वेळी २५५ च्या पुढची संख्या हातात धरू शकत नाही. मोठी बेरीज तिला दोन हप्त्यांत करावी लागते. उचल, मिळव, ठेव, पुन्हा उचल, मिळव, ठेव, असे करता करता वीसेक ठोके जातात. झेड-८० कडे हाताशी फडताळे जास्त. दोन जोडून ती ६५,५३५ पर्यंतची संख्या धरते, आणि तीच बेरीज एका आज्ञेत, अकरा ठोक्यांत उरकते. स्पेक्ट्रममध्ये याला सेकंदाचे तीन दशलक्षांशांहून थोडे अधिक लागतात, अ‍ॅपलमध्ये वीस. म्हणजे लहान लहान पुष्कळ कामे असली तर एक बरोबरीला येते, मोठे हिशेब असले तर दुसरी पुढे जाते. कोणते काम, हे सांगितल्यावाचून "सरस कोण" या प्रश्नाला अर्थच उरत नाही.

आणि किंमत? तिचे उत्तर इंग्लंडातील केंब्रिज या एकाच गावात मिळते. तिथे क्लाइव्ह सिंक्लेअरची कंपनी होती, आणि तिच्यातूनच बाहेर पडलेल्या ख्रिस करीने हरमन हाउझरबरोबर काढलेली एकॉर्न ही दुसरी. पुन्हा तीच भाऊबंदकी! बी.बी.सी.ने लोकांना संगणक शिकवण्याचा मोठा उपक्रम योजला, तेव्हा त्याचे यंत्र बनवण्याचे काम दोघांनाही हवे होते. ते एकॉर्नला मिळाले. १९८१ च्या डिसेंबरात बी.बी.सी. मायक्रो बाहेर आला. त्यात ६५०२ होती, पण वीस लाख ठोक्यांवर धावणारी. वरची ती लहान बेरीज तिला स्पेक्ट्रमच्या निम्म्या वेळात जमे. मात्र किंमत ठरली २३५ आणि ३३५ पौंड, आणि ती पुढे वाढली. सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम १२५ आणि १७५ पौंडांत मिळू लागला.

एव्हाना दोन्ही चिपा स्वस्त झाल्या होत्या. मग हा फरक कशाचा? ६५०२ दर ठोक्याला स्मृतीचे दार ठोठावते, म्हणून तिला पळवायची तर स्मृतीही चपळ लागते, आणि चपळ स्मृती महाग. झेड-८० एका फेरीला तीन-चार ठोके घेते, तिला संथ, स्वस्त स्मृती चालते. शिवाय बी.बी.सी.च्या यंत्राला चांगला कळफलक आणि निरनिराळी उपकरणे जोडण्याच्या सोयी होत्या. स्पेक्ट्रमच्या कळा रबराच्या. जी चिप मुळात स्वस्ताईसाठी जन्मली ती महागड्या यंत्रात बसली, आणि अलंकारांनी नटलेली चिप गरिबाघरच्या यंत्रात नांदली. कुळाचे भविष्य कोणी सांगावे!

या वादाचे धागे आपल्या देशापर्यंतही आले. १९८४ साली भारत सरकारने शाळांमधून संगणकसाक्षरतेचा 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि सुरुवातीच्या सुमारे अडीचशे शाळांत बी.बी.सी. मायक्रो बसवले. म्हणजे आपल्या मुलांच्या वर्गात ६५०२ आली. घरांत मात्र झेड-८० आली. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने सिंक्लेअरचा परवाना घेऊन स्पेक्ट्रम-प्लस इथे विकला. शिक्षक म्हणून मला या दोन वाटांचा फरक मोठा वाटतो. शाळेतले उत्तम यंत्र अनेक मुलांचे असते. आठवड्यातून एखाद्या तासाला, तेही रांग लावून त्याचे दर्शन होते. घरातले साधे यंत्र एकाच मुलाचे असते, पण ते मध्यरात्रीपर्यंत त्याच्यापुढे असते. चुकत, पुसत, पुन्हा लिहीत तो शिकतो. वेगाच्या तक्त्यात हा हिशेब कुठेच मांडलेला नसतो. पण यंत्राचे मोल ठरवताना तो मी सर्वांत आधी मांडीन. जे यंत्र मुलाच्या हाताला लागते, ते त्याच्यापुरते वेगवान.

दोन्ही घराण्यांचा समेटही झाला, बरे का! १९८० साली मायक्रोसॉफ्टने अ‍ॅपल-२ मध्ये बसणारी एक पट्टी विकायला काढली. तिच्यावर झेड-८० होती. म्हणजे एकाच डब्यात दोघी सुखाने नांदू लागल्या, आणि अ‍ॅपलवाल्यांनाही सी-पी-एम वरची सारी कामे खुली झाली. १९८५ च्या कमोडोर-१२८ मध्येही दोन्ही घराणी एकत्र होती. वाद घालणारे वाद घालत बसले, आणि गिऱ्हाइकाने दोन्हींचा उपयोग करून घेतला.

पुढे काय झाले? झेड-८० अठ्ठेचाळीस वर्षे विकली गेली. खेळांच्या यंत्रांत, कारखान्यांत, उपकरणांत ती राबत राहिली आणि २०२४ साली झिलॉगने मूळ घाटाच्या झेड-८० च्या शेवटच्या मागण्या घेतल्या. ६५०२ चे वारसपण निराळ्याच रीतीने चालले. १९८३ साली एकॉर्नचे सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर अमेरिकेत बिल मेन्शच्या कार्यालयात गेले. नवा प्रोसेसर घडवायला मोठा कारखाना आणि माणसांची फौज लागत असेल, अशी त्यांची समजूत. पाहतात तो मोजकी माणसे, साधी जागा आणि काम चोख! "हे लोक करू शकतात, तर आपण का नाही?" या विचाराने ते परतले. १९८५ च्या एप्रिलमध्ये त्यांची पहिली चिप चालू झाली. तिचे नाव एआरएम. आज आपल्या घरातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. थोडक्यात भागवण्याची पेडल-मेन्श मंडळींची शिकवण तिच्यात उतरली, म्हणून ती थोड्या विजेवर चालते आणि खिशात मावते. वेस्कॉनच्या बरणीतली अर्धी चिप खोटी होती खरी. पण जी खरी होती, तिचा वंश असा वाढला.