दोन झरे आणि मधला दुकानदार

‘मधला व्यापारी काढला की वस्तू स्वस्त होते’ आणि ‘स्पर्धा आली की भाव उतरतात’ ही दोन वाक्ये आपण वर्गात सहज सांगून जातो. पण ज्या बाजारात स्पर्धाही आहे आणि मधला व्यापारीही आहे, तिथे काय होते? याचे उत्तर मिळायला अर्थशास्त्राला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

सुरुवात फ्रान्समध्ये झाली. १८३८ साली ऑग्युस्तँ कूर्नो या गणितज्ञाने आपल्या पुस्तकात दोन झऱ्यांचे उदाहरण घेतले. दोन्हींचे खनिजजल सारखेच, काढायला खर्च नाही, मालक मात्र वेगळे. दुसरा किती पाणी विकेल ते गृहीत धरून प्रत्येकजण आपली विक्री ठरवतो. अशा वेळी भाव मक्तेदाराच्या भावापेक्षा उतरतो, पण शून्यावर जात नाही, असे कूर्नोने गणिताने दाखवले. त्याच पुस्तकात पितळेचेही उदाहरण आहे. तांबे एकाच्या हाती आणि जस्त दुसऱ्याच्या हाती असेल, तर पितळ महाग पडते. दोन्ही धातू एकाच मालकाकडे असते तर ते त्याहून स्वस्त पडले असते. म्हणजे मालक शेजारी शेजारी उभे असले की भाव उतरतो, आणि एकाच साखळीचे दुवे असले की चढतो.

पुढे १८८३ साली जोसेफ बर्त्राँ या गणितज्ञाने आक्षेप घेतला. झरेवाले विक्री कशाला ठरवतील? ते भाव ठरवतील. एकाने भाव उतरवला की सारे गिऱ्हाईक त्याच्याकडे, मग दुसरा त्याहून उतरवणार. अखेर नफाच उरणार नाही.

आता साखळीकडे वळू. १९५० साली अमेरिकेत जोसेफ स्पेंग्लर यांनी उत्पादक आणि विक्रेता यांच्या दुहेरी नफ्याचा प्रश्न मांडला. आपण तो एका झऱ्यावर सोडवून पाहू. पाणी फुकट असेल तर १०० बाटल्या खपतात आणि भाव एक रुपयाने वाढला की एक बाटली कमी खपते असे समजा. मालक स्वतः विकत असेल तर ५० रुपये भाव सर्वांत फायद्याचा: ५० बाटल्या, २५०० रुपये. आता मध्ये दुकानदार आणा. मालक त्याला ५० रुपयांना बाटली देतो. दुकानदाराला ७५ रुपये भाव सर्वांत सोयीचा पडतो. खप २५ बाटल्या. मालकाला १२५० रुपये, दुकानदाराला ६२५. दोघांचे मिळून १८७५ रुपयेच, आणि गिऱ्हाइकाला बाटली दीडपट महाग! नुकसान सर्वांचेच.

मग उत्पादक मधला माणूस ठेवतात कशाला? साठवण, वाहतूक, उधारी ही कामे तो करतो, हे खरेच. पण ती बाजूला ठेवली तरी एक कारण उरते. ते १९८३ साली टिमथी मॅक्ग्वायर आणि रिचर्ड स्टेलिन यांनी दाखवले. त्यांनी एका साखळीऐवजी दोन प्रतिस्पर्धी साखळ्या घेतल्या; प्रत्येक दुकानदार एकाच उत्पादकाचा माल विकतो. पहिल्या उत्पादकाने आपल्या दुकानदाराला माल महाग दिला, की त्या दुकानदाराला भाव वाढवावा लागतो. ते पाहून समोरचा दुकानदारही आपला भाव थोडा चढवतो. त्यामुळे पहिल्याचे गिऱ्हाईक वाटते तितके तुटत नाही. दुकानदार हा जणू दोन उत्पादकांच्या भांडणात मध्ये ठेवलेली उशी ठरतो.

दोन्ही माल पुरेसे वेगळे असतील तर स्पेंग्लर यांचा हिशेब खरा ठरतो: मधला माणूस उत्पादकालाही तोट्याचा. पण माल जवळजवळ सारखे असतील तर बर्त्राँची भावयुद्धाची भीती मोठी असते, आणि उशी ठेवण्यात दोन्ही उत्पादकांचा फायदा होतो. गिऱ्हाइकाला मात्र दोन्ही वेळा जास्तच मोजावे लागतात.

तेव्हा वर्गातली आपली दोन वाक्ये चुकीची नाहीत, अपुरी आहेत. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन सारख्या वस्तू पाहून ‘इथे स्पर्धा आहे’ एवढ्यावर थांबू नये. त्या वस्तू किती हातांतून आल्या आणि त्या हातांचा फायदा कोणाला झाला, हेही विद्यार्थ्यांना विचारायला लावावे. वरचा झऱ्याचा हिशेब फळ्यावर मांडून पाहा. आठवी-नववीच्या बीजगणितात तो बसतो.