मेंढपाळानं वाचू नये

इंग्रजी बायबल कोणी वाचावं, हे इंग्लंडच्या पार्लमेंटनं 1543 मध्ये कायद्यानंच ठरवून टाकलं. उमराव आणि जमीनदार गृहस्थांनी ते घरच्यांना वाचून दाखवलं तरी चालेल. व्यापाऱ्यांनी आणि थोरामोठ्यांच्या घरच्या स्त्रियांनी एकट्यानं, आपल्यापुरतं वाचावं. बाकीच्या बायका, कारागीर, शिकाऊ उमेदवार, नोकरचाकर, शेतकरी आणि मजूर यांनी त्याला हातच लावायचा नाही. अडाणी लोक भलताच अर्थ लावतात आणि भांडत बसतात, हे कारण.

ते अगदीच खोटं नव्हतं. पाचच वर्षांपूर्वी राजा आठव्या हेन्रीच्या याच सरकारनं प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबलची मोठी प्रत ठेवायला लावली होती. लंडनच्या सेंट पॉलमध्ये त्या प्रतींभोवती गर्दी जमे, कोणीतरी मोठ्यानं वाचू लागे आणि वाद पेटत. धर्मवचनांवर आता गुत्त्यांतही हुज्जत चालते, गाणी रचली जातात, असं गाऱ्हाणं हेन्रीनं 1545 मध्ये पार्लमेंटपुढे मांडलं.

पण कायद्याची कसोटी विद्वत्तेची होती कुठे? लॅटिनचा गंध नसलेली जमीनदारीण चालत होती. लिहितावाचता येणारा मेंढपाळ चालत नव्हता. बोली विद्येची होती, मोजमाप कुळाचं. (हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही.)

खरी विद्वत्ता होती ती विल्यम टिंडलकडे. ग्लॉस्टरशरचा, ऑक्सफर्डला शिकलेला हा माणूस. नांगरामागच्या पोरालाही धर्मग्रंथ कळला पाहिजे, या हट्टापायी त्यानं मूळ ग्रीकवरून बायबलचा नवा करार इंग्रजीत आणला. 1526 मध्ये तो जर्मनीत वर्म्सला छापला गेला आणि चोरून इंग्लंडात पोचला. 1536 मध्ये ब्रुसेल्सजवळ टिंडलला गळा आवळून मारलं आणि प्रेत जाळलं. 1543 च्या कायद्यानं त्याचं भाषांतर नाव घेऊन बेकायदा ठरवलं. गंमत अशी, की चर्चमधल्या सरकारमान्य बायबलचा बराच मजकूर त्याचाच होता.

त्याच ग्लॉस्टरशरमध्ये, सेंटबरीच्या टेकडीवर मेंढ्या राखणाऱ्या रॉबर्ट विल्यम्सनं 1546 मध्ये 14 पेन्सला वेगळंच एक पुस्तक विकत घेतलं. त्यात त्यानं स्वतःच्या हातानं नोंद केली: मेंढपाळांना नवा करार वाचायची बंदी झाली, तेव्हा हे घेतलं, देव हा आंधळेपणा दूर करो.

पुढच्याच वर्षी हेन्री वारला आणि नव्या राजाच्या पहिल्याच पार्लमेंटनं तो कायदा रद्द केला.