मणका, मज्जातंतू आणि न्यायालय

पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यावा, ही आपल्याकडची जुनी समजूत. मुरगळलेला पाय हाडवैद्याने ओढून बसवला आणि रोगी चालत घरी गेला, असे सांगणारी माणसेही गावोगाव भेटतील. पण बहिरेपण घालवतो, पोटाचे विकार बरे करतो, अंगातली सारी मज्जासंस्था ताळ्यावर आणतो, असा दावा कोणा पायाळूने केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. हाताच्या कसबाला असे सर्वव्यापी तत्त्वज्ञान जोडण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत झाला. त्याचे नाव कायरोप्रॅक्टिक. हे तत्त्वज्ञान जन्मले कसे, ह्यापेक्षा ते इतकी वर्षे टिकले का, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. आणि त्याचे बरेचसे उत्तर वैद्यकशाळेत नव्हे, न्यायालयात सापडते.

ह्या पंथाचा जनक डॅनियल डेव्हिड पामर. जन्म १८४५ चा, कॅनडातला. शाळामास्तरकी, मधमाश्या पाळणे, किराणा दुकान असे नाना उद्योग करून तो आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी डॅव्हेनपोर्ट गावी स्थिरावला आणि चुंबकोपचार करू लागला. चुंबकोपचार म्हणजे प्रत्यक्ष लोहचुंबक नव्हे. उपचारकाच्या अंगची शक्ती हातांवाटे रोग्याच्या अंगात उतरते अशी ती कल्पना. तो ज्या इमारतीत बसे तिची झाडलोट करणारा हार्वी लिलार्ड हा कृष्णवर्णीय गृहस्थ सतरा वर्षे जवळजवळ बहिरा होता. वाकून जोर करताना पाठीत काही कट्कन वाजले आणि तेव्हापासून ऐकू येईनासे झाले, असे त्याने सांगितल्याचे पामर लिहितो. पामरने पाठ चाचपली, वरच्या भागातला एक मणका उचललेला दिसला, तो त्याने हाताच्या झटक्याने बसवला, आणि लिलार्डला ऐकू येऊ लागले. पुढे पंथाने ह्या प्रसंगाची तिथीही पक्की केली: १८ सप्टेंबर १८९५. सॅम्युएल वीड ह्या धर्मोपदेशकाने ग्रीक भाषेतून 'हाताने केलेले' ह्या अर्थाचा शब्द बनवून दिला, आणि १८९७ च्या सुमारास पामरची शाळाही सुरू झाली.

ह्या कथेत एक अडचण आहे. कानाचा मज्जातंतू अंतर्कर्णातून निघतो तो कवटीच्या आतल्या आतच मेंदूच्या बुंध्याला जाऊन मिळतो. पाठीच्या कण्यातून तो जातच नाही. मग पाठीच्या मणक्याने तो दाबला जावा कसा? पामर मात्र ह्या एका उदाहरणावरून थेट सर्व रोगांवर गेला. मणका किंचित सरकतो, मज्जातंतूवर ताण पडतो, शरीरातील उपजत प्रज्ञेचा प्रवाह अडतो आणि रोग होतो. शंभरांतले पंचाण्णव रोग मणक्यांपासूनच होतात, असे त्याने १९१० च्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे.

ह्यावर नुसते हसणे अन्यायाचे होईल. त्या काळी मोठमोठ्या पदव्यांचे वैद्यही पाऱ्याचे क्षार आणि जहाल रेचके सर्रास देत होते, आणि अमेरिकेतील पुष्कळशी वैद्यकविद्यालये म्हणजे फी भरा नि पदवी घ्या अशा मासल्याची होती. त्यांतील दोष १९१० मध्ये फ्लेक्सनरच्या अहवालाने उघडे पाडले. शेतात राबून कंबर धरलेल्या शेतकऱ्याला ह्या वैद्यांपाशी फारसा उपाय नव्हता. पामरच्या हातांनी त्याला आराम पडत असे. निदान अपाय तरी औषधांपेक्षा कमीच होत असावा. इंग्लंडात सर जेम्स पॅजेट ह्या नामांकित शल्यवैद्याने हाडवैद्य कोणती दुखणी बरी करतात ह्या विषयावर एक व्याख्यान दिले होते. ते १८६७ मध्ये छापले गेले. त्यांच्याकडे जे घेण्यासारखे असेल ते घ्यावे, असा त्याचा रोख होता. तो सल्ला दोन्ही पक्षांनी ऐकला असता तर पुढला इतिहास निराळा झाला असता.

झाले ते उलटच. १९०६ मध्ये विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल पामरला शिक्षा झाली. त्याने दंड भरण्याऐवजी तुरुंग पत्करला, आणि काही दिवसांनी दंड भरून तो बाहेर आला. त्याच वर्षी डॅव्हेनपोर्टात कायरोप्रॅक्टरांची एक संघटना निघाली. तिचे पहिले काम संशोधन नव्हे, की शिक्षणही नव्हे. सभासदांवर खटले झाले तर ते लढवणे, हे तिचे काम. पुढल्याच वर्षी, १९०७ मध्ये, विस्कॉन्सिन राज्यातील ला क्रॉस गावी शेगातारो मोरिकुबो ह्या जपानी कायरोप्रॅक्टरवर खटला उभा राहिला. आरोप असा की त्याने परवान्यावाचून ऑस्टिओपॅथी चालवली. ऑस्टिओपॅथी ही अँड्र्यू टेलर स्टिल ह्याने काढलेली, हाडे आणि सांधे हाताळण्याचीच दुसरी पद्धती. तिला त्या राज्यात कायद्याची मान्यता होती.

आता बचाव कसा करावयाचा? दोघांचेही हात पाठीवरच चालतात. कृती पाहून तर भेद दिसत नाही. मोरिकुबोचा वकील टॉम मॉरिस हा राज्याच्या सिनेटचा सभासद, मोठा हुशार माणूस. त्याने भेद दाखवला तो तत्त्वज्ञानात. ऑस्टिओपॅथ रक्तवाहिन्यांचा विचार करतो, आमचा माणूस मज्जातंतूंचा. तो रोगावर उपचार करतच नाही, निदानही करीत नाही, केवळ मणका जागेवर आणतो. ज्यूरीने मोरिकुबोला निर्दोष सोडले आणि ह्या युक्तिवादाला सोन्याची किंमत आली. पुढे मॉरिस त्या संघटनेचा वकील म्हणून गावोगावच्या न्यायालयांत हीच भूमिका मांडीत राहिला.

ह्या जागी आम्हांस अंमळ थांबावेसे वाटते. शास्त्रातील उपपत्ती चुकीची ठरली तर ती टाकून देता येते. निदान टाकता यावी. पण जिच्या बळावर आपण तुरुंगाबाहेर आहोत ती उपपत्ती कोण टाकील? सरकलेला मणका आणि अडलेला मज्जाप्रवाह हे आता अनुमान राहिले नाही, ते धंद्याचे चिलखत झाले. कवटीतल्या कर्णतंतूचा आक्षेप त्यापुढे टिकणार कसा?

पामर १९१३ मध्ये विषमज्वराने वारला. त्याच वर्षी कॅन्सस राज्याने कायरोप्रॅक्टिकचा पहिला परवाना कायदा केला. शेवटचे लुइझियाना राज्य १९७४ मध्ये वळले. मधल्या काळात पामरचा मुलगा बी. जे. ह्याने शाळेला नभोवाणी केंद्राची जोड दिली, आणि १९२४ मध्ये कण्याच्या दोन्ही बाजूंची उष्णता मोजणारे एक यंत्र काढून त्यावरून दबलेला तंतू सापडतो असे जाहीर केले. यंत्र विकत मिळत नसे. भाड्याने घ्यावे लागे. भाडे इतके जबर होते की त्याचे अनेक अनुयायी त्याला सोडून गेले. लहान गावांतून मात्र कायरोप्रॅक्टर हा कुटुंबाचा माणूस होत गेला. बाप कंबरेसाठी येई, आई मानेसाठी. आणि मग मज्जासंस्था सुदृढ राहावी म्हणून, काहीही दुखत नसताना, मुलांनाही बाकावर निजवले जाई. ही शेवटली पायरी आम्हांस सर्वांत चिंतेची वाटते. दुखण्याला अंत असतो. न दुखणाऱ्या पाठीच्या खेपांना अंत कुठला?

वैद्यांच्या बाजूनेही शहाणपणापेक्षा हट्टच अधिक झाला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरुद्ध समिती नेमून कायरोप्रॅक्टरांवर बहिष्काराचे धोरण चालवले. चेस्टर विल्क आदींनी १९७६ मध्ये दावा लावला, आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेनडॅनर ह्यांनी तो बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवला. सरकलेला मणका खरा की खोटा, हा त्या दाव्याचा विषयच नव्हता. तरीही धंद्यातील पुष्कळांनी तो निकाल आपल्या उपपत्तीचा विजय म्हणून मिरवला.

प्रयोगांनी ह्यातून निवडून काढले ते थोडके आहे. कंबरदुखीवर हाताने मणके हलवण्याचा उपचार काही अंशी गुणकारी आहे, साधारण व्यायामादी इतर उपायांइतकाच. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये कंबरदुखीच्या औषधेतर उपायांत त्याला जागा दिली. झटका देताना जो कट् आवाज येतो तो हाड जागेवर बसल्याचा नसून सांध्यातील द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा आहे. मानेला झटका दिल्यावर तेथील धमनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणेही नोंदली गेली आहेत. ती विरळा असली तरी मोठ्या भयंकर परिणामाची आहेत. बहिरेपणा, दमा, पोटशूळ ह्यांविषयी विश्वसनीय पुरावा हाती आलेला नाही.

ब्रिटनमध्ये ह्या धंद्याचे नियमन कायद्याने स्थापलेली जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल करते. सरकलेला मणका ही ऐतिहासिक कल्पना आहे, आणि ती रोगाचे कारण आहे असे म्हणण्यास वैद्यकीय संशोधनाचा आधार नाही, असे ह्या कौन्सिलने २०१० मध्ये प्रसिद्ध केले. ते ऐकून धंद्यात दोन तट पडले. एक म्हणतो, आम्ही पाठदुखीचे जाणकार, तेवढेच पुरे. दुसरा अजून मज्जाप्रवाहाचीच पाटी लावतो.