अंतर्गत हर्निया

अंतर्गत हर्निया म्हणजे आतड्याचा काही भाग उदरपोकळीच्या आतच एखाद्या छिद्रातून किंवा खळग्यातून सरकून अडकणे. हे छिद्र पर्युदरात (पोटाच्या आतील अस्तरात) अथवा आंत्रबंधात (आतडे मागील भिंतीशी जोडणाऱ्या पडद्यात) असते. जांघेतील वा बेंबीच्या हर्नियाप्रमाणे येथे बाहेर फुगवटा दिसत नाही. आंत्रावरोधाचे, म्हणजे आतड्याचा मार्ग बंद पडण्याचे, हे विरळा कारण असून त्याचे प्रमाण सहसा ६ टक्क्यांपेक्षा कमी आढळते.

प्रकार

पारंपरिक वर्गीकरणानुसार निम्म्याच्या आसपास रुग्णांत हा हर्निया ग्रहणीलगत, म्हणजे लहान आतड्याच्या प्रारंभाजवळ असतो आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश डाव्या बाजूचे असतात. गर्भावस्थेत आतडे फिरून आपल्या जागी स्थिरावते. त्या वेळी डावीकडील आंत्रबंध मागील भिंतीला पूर्णपणे न चिकटल्यास पिशवीसारखा खळगा उरतो. व्हेंझेल ट्राइट्झ यांनी १८५७ मध्ये अशा हर्नियांचे सविस्तर वर्णन केले. प्रौढांमध्ये पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः लठ्ठपणावरील जठर-बायपासनंतर, नवी छिद्रे उरू शकतात. त्यांपैकी एका प्रकाराला पीटरसन हर्निया म्हणतात.

लक्षणे व निदान

जेवणानंतर पोटात कळ येते, मळमळते आणि काही वेळाने सारे आपोआप थांबते. त्यामुळे हा त्रास वर्षानुवर्षे ‘पित्त’ समजला जाणे स्वाभाविक आहे. दोन झटक्यांच्या मधल्या काळात केलेला सीटी स्कॅनही निर्दोष दिसू शकतो. वेदना चालू असताना केलेल्या सीटी स्कॅनमध्ये आतड्याच्या वेटोळ्यांचा एका जागी जमलेला पुंजका किंवा रक्तवाहिन्यांचा भोवरा दिसतो. तीव्र कळ, उलट्या आणि शौच व वायू बंद होणे ही आणीबाणीची लक्षणे होत. अशा वेळी रेचक घेणे घातक ठरते. रक्तपुरवठा तुटल्यास काही तासांत आतडे मृत होते.

म्हणूनच रुग्णालय किती दूर आहे, याला महत्त्व येते. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वाशीमच्या महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले.

उपचार

अडकलेले आतडे औषधांनी सुटण्याची वाट पाहिली जात नाही. पोट उघडून किंवा दुर्बिणीद्वारे ते सोडवतात, छिद्र शिवतात आणि मृत भाग असल्यास तो काढून उरलेली टोके जोडतात. ग्रहणीलगतच्या डाव्या हर्नियात पिशवीच्या कडेनेच एक मोठी शीर जाते, त्यामुळे तोंड रुंद करताना ती जपावी लागते.