‘ॲनिमल फार्म’ : आचोळ्यातला विद्यार्थी हे पुस्तक वाचतो तेव्हा

जॉर्ज ऑरवेल यांची ‘ॲनिमल फार्म’ ही छोटी कादंबरी १७ ऑगस्ट १९४५ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. अवघी दहा प्रकरणं, एका दिवसात वाचून होणारी. ऑरवेल १९५० मध्ये वारले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून इथे हे पुस्तक कोणालाही छापता येतं. फुटपाथवर त्याच्या इतक्या स्वस्त आवृत्त्या दिसतात त्या म्हणूनच. एक योगायोगही सांगायला हवा : ऑरवेल यांचा जन्म बिहारमधल्या मोतिहारीचा, १९०३ सालचा. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते.

गोष्ट थोडक्यात अशी. एका शेतावरची जनावरं मालकाला हाकलून देतात, शेत स्वतः चालवायला घेतात आणि कोठाराच्या भिंतीवर सात नियम रंगवतात. पुढे डुकरं हळूहळू सगळं ताब्यात घेतात, आणि शेवटी डुक्कर कोण आणि माणूस कोण हे ओळखता येत नाही.

पुस्तकावर उत्तर लिहायची वेळ आली की बहुतेक विद्यार्थी एक तक्ता मांडतात. नेपोलियन म्हणजे स्टॅलिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, मालक जोन्स म्हणजे झार, शेजारचा फ्रेडरिक म्हणजे हिटलर. तक्ता बरोबर आहे. ऑरवेल यांच्या डोळ्यांसमोर रशियाच होता, आणि दुसऱ्या महायुद्धात रशिया ब्रिटनचा दोस्त असल्यामुळे अनेक प्रकाशकांनी हस्तलिखित परतही केलं होतं. पण तक्ता भरला की पुस्तक संपल्यासारखं वाटतं, आणि घोटाळा तिथेच होतो. १९१७ ची क्रांती नालासोपाऱ्याच्या लोकलमध्ये बसलेल्या मुलाला फार लांबची वाटते, त्यामुळे गुण मिळतात आणि पुस्तक विसरलं जातं.

दुसरी अडचण आपल्या सवयीची आहे. प्राण्यांच्या गोष्टी आपण पंचतंत्रातून आणि इसापनीतीतून शिकलेलो असतो, त्यामुळे शेवटी ‘तात्पर्य’ शोधायची सवय लागलेली असते. पंचतंत्रातला विष्णुशर्मा तीन राजपुत्रांना शिकवतो, म्हणजे ती नीती राज्य करणाऱ्यांसाठी आहे. ‘ॲनिमल फार्म’ गोष्ट सांगते ती ज्यांच्यावर राज्य केलं जातं त्यांची, आणि तात्पर्य देत नाही. ‘समाजवाद वाईट’ हे तात्पर्य तर नाहीच. ऑरवेल स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवत आणि तसं त्यांनी लिहूनही ठेवलं आहे.

मग पुस्तकात पाहायचं काय? एक धागा वर्गात फारसा चर्चेला येत नाही : शेतावर वाचता कोणाला येतं? डुकरं लिहायला-वाचायला पूर्ण शिकतात. म्युरिएल ही शेळी बरं वाचते. क्लोव्हर या घोडीला मुळाक्षरं येतात, पण शब्द जुळवता येत नाहीत. बॉक्सर हा कष्टाळू घोडा चौथ्या अक्षरापुढे जात नाही. बेंजामिन गाढवाला डुकरांइतकंच चांगलं वाचता येतं, पण वाचण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नाही.

आता गोष्ट पुन्हा बघा. डुकरं गादीवर झोपू लागतात तेव्हा क्लोव्हरला शंका येते. नियम काय होता, हे ती म्युरिएलला वाचायला सांगते. भिंतीवर पलंगाच्या नियमात चादरीचा उल्लेख आता आलेला असतो. पुढे शेतावर जनावरांच्या कत्तली होतात. तेव्हाही ती आधी बेंजामिनला विचारते. तो यात पडायला नकार देतो, म्हणून ती पुन्हा म्युरिएलला घेऊन येते. या नियमातही दोन शब्द वाढलेले असतात. क्लोव्हरला दर वेळी वाटतं की आपल्याच लक्षात राहिलं नसेल. बेंजामिन स्वतःहून मोठ्याने वाचतो ते फार उशिरा, थकलेल्या बॉक्सरला घेऊन जाणारी गाडी निघालेली असताना. त्या गाडीवर घोडे कापणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. वाचता येत असून गप्प बसलेल्या त्या गाढवाचा राग नेपोलियनपेक्षाही जास्त येतो, आणि यायलाच हवा.

आचोळ्यातल्या वाचकाला या धाग्यासाठी रशियापर्यंत जावं लागत नाही. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी परिसरातल्या ४१ अनधिकृत इमारती मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. २०२४ च्या अखेरीस सुरू झालेलं पाडकाम २०२५ च्या सुरुवातीपर्यंत चाललं. रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले, पण दिलासा मिळाला नाही. सुमारे अडीच हजार कुटुंबं बेघर झाली. ती जमीन विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. बनावट कागदपत्रांच्या आधारे तिथली घरं विकली गेली, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे.

ही तुलना ताणू नये. शेतावर नियमच रात्रीतून बदलले जात, इथे आरक्षण कागदावर आधीपासून होतं. पण घर घेणाऱ्याची जागा क्लोव्हरचीच. तिला अक्षरं ओळखू येतात, पण सातबारा, आराखडा, बांधकाम परवानगी यातला कुठला कागद कुठे जाऊन ताडायचा हे तिला कोणी सांगत नाही. मग ज्यांना तो कागद वाचता येत होता ते इमारती उभ्या राहताना कुठे होते, हा प्रश्न बेंजामिनकडे जातो. म्युरिएलकडे नाही, कारण तिला विचारलं तेव्हा तिने जे दिसलं ते वाचून दाखवलं होतं.

असं उत्तर परीक्षेत चालतं का? चालतं, पण दाखला पुस्तकातलाच हवा : प्रसंग कुठल्या प्रकरणातला, नियमात कुठले शब्द वाढले, तेव्हा कोण काय म्हणालं. गावातली घटना त्यानंतर दोन ओळींत पुरते. नुसती तीच लिहिली तर ते वर्तमानपत्राचं कात्रण होतं, आणि नुसता तक्ता लिहिला तर गाइड.

एक जागा मात्र सोडू नये. बंडाच्या पहिल्याच दिवशी गायींचं दूध काढलं जातं, पाच बादल्या भरतात, आणि संध्याकाळी जनावरं परततात तेव्हा दूध नाहीसं झालेलं असतं. पुढे कळतं की ते डुकरांच्या खाण्यात जात होतं, आणि मग सफरचंदंही त्यांच्याकडेच जातात. गोष्ट तिथेच फिरली, असं ऑरवेल यांनी स्वतः एका पत्रात म्हटलं होतं. त्या वेळी भिंतीवरचे सातही नियम जसेच्या तसे होते.